सरळ जा, मग डावीकडे

रविवार, ३ फेब्रुवारी

वर्कशॉपात कामाची वही मी एकतीस वर्षं लिहितोय. कुठली मोटर आली, कशी रडत होती, उघडल्यावर आत काय निघालं, काय केलं. इथे मोटर नाही, पण रोज चार ओळी खरडल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. म्हणून ही नवी वही.

परवा पोचलो. लेकीच्या घरी यायला मला चौदा वर्षं लागली. दर खेपेला काहीतरी निघायचं. कधी कुणाचा पंप अडलेला, कधी कामगार रजेवर, कधी माझाच कंटाळा. तीही फोनवर "कधी येताय?" विचारायची आणि हसून सोडून द्यायची. गेल्या महिन्यात तिनं विचारलं, "बाबा, जमेल का यायला?" 'कधी'च्या जागी 'जमेल का' ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. बेअरिंगचा आवाज बदलतो तो इतकासाच बदलतो. ज्याला कान आहेत त्याला तेवढा पुरतो.

डिसेंबरात तिच्या पोटातली गाठ काढली. आता पुन्हा इस्पितळात आहे, ताकद भरून यायला. असं ती म्हणते. हिला, लेकीच्या आईला, विमानाला डॉक्टरांनी साफ मनाई केलीय, हृदयामुळे, म्हणून मी एकटाच आलो. निघताना हिनं एवढंच सांगितलं, "तिच्याजवळ बसा. तिथे जाऊन कुणाला शहाणपण शिकवू नका."

जावई छापखान्यात आहे. सकाळी मला इस्पितळाच्या दाराशी सोडणार, स्वतः कामावर जाणार आणि दुपारी येणार, असं ठरलंय. पोरगा फार सभ्य. त्याला मराठी येत नाही, मला फ्रेंच येत नाही, आणि इंग्रजी दोघांनाही बेताचीच. त्यामुळे आमचं कधी भांडण होणार नाही.

आज इस्पितळात पहिल्याच दिवशी मी हरवलो. पाच इमारती, त्यांना जोडणारे बोळ, जमिनीवर रंगीत पट्टे, भिंतींवर पाट्याच पाट्या, आणि त्यातलं एक अक्षर मला कळेल तर शपथ. निळ्या पट्ट्यावरून गेलो तर स्वयंपाकघरात निघालो. तिथल्या बाईनं हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवलं तर चादरींच्या ढिगात. दोन तास फिरलो. लेक वर वाट बघतेय, मी खाली भोवऱ्यासारखा गरगरतोय. साठी उलटलेला माणूस मी, शून्यातून वर्कशॉप उभं केलेला, एका जिन्याखाली उभा राहून रडायच्या बेतात होतो. इथे लिहायला काय लाजायचं.

शेवटी खाटा ढकलणाऱ्या एका धिप्पाड माणसानं मला पाहिलं आणि हाताला धरून खोलीपर्यंत नेऊन सोडलं.

"कुठे होतात बाबा?"

"इस्पितळ बघत होतो. मोठं आहे."


मंगळवार, ५ फेब्रुवारी

त्या धिप्पाड माणसाचं नाव मी पैलवान ठेवलंय. कान दोन्ही मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. दिवसभर खाटेवरची माणसं या इमारतीतून त्या इमारतीत नेतो. आज त्यानं मला खालच्या मोठ्या दालनात पकडलं, समोर उभं केलं आणि पाढे म्हणून घ्यावेत तसं म्हणून घेतलं. हात पुढे: तू द्रुआ. सरळ. हात डावीकडे: आ गोश. हात उजवीकडे: आ द्रुआत. बोट वर: मोंत, चढ. सरळ आणि उजवीकडे यांच्यात शेवटच्या 'त'एवढाच फरक. ही भाषा ज्यानं बनवली त्याला वाट चुकलेला माणूस आयुष्यात भेटला नसावा.

शब्द आले, पण पाट्या वाचता येत नाहीत त्या नाहीतच. मग मी माझा धंद्यातला उपाय केला. डोळे मिटून उभा राहिलो. दारातून आत आलं की डाव्या अंगाला थंड पेयांचं यंत्र आहे, त्याच्या कॉम्प्रेसरचा एक पाय सैल आहे, ते घुरघुरतं. तिथे डावीकडे वळायचं. पुढे एक झुलतं दार आहे, त्याची बिजागरी किंचाळते. ते ओलांडलं की उजवीकडे. मग लिफ्ट. दोन आहेत, त्यातली कण्हणारी घ्यायची, कण्हत नाही ती तळघरात जाते. तिसऱ्या मजल्यावर उतरलं की कुठल्याशा पंख्याचं पातं जाळीला घासतंय, त्याच्या दिशेनं चालायचं. पंख्याखालचंच दार लेकीचं.

आज सात मिनिटांत पोचलो. तिला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, लोक पाट्या वाचतात हो."

"पाटी खोटं बोलू शकते. बेअरिंग नाही बोलत."

दोन घोट सूप पिऊन तिनं वाटी बाजूला ठेवली. म्हणाली, आवडत नाही. लहानपणी सूप म्हटलं की वाटी चाटायची.


शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आज मला एकीनं रस्ता विचारला! मला!

खाली यंत्रापाशी उभा होतो. हातात फुलं घेतलेली एक म्हातारी आली आणि म्हणाली, "पार्दों, से पार ऊ...?" म्हणजे कुठून जायचं, आणि पुढे माझ्या लेकीच्याच वॉर्डाचं नाव. मी घसा साफ केला. म्हटलं, "त्यू व्हा तू द्रुआ." मग यंत्राकडे बोट दाखवून "घुर्रर्र, आ गोश." मग दाराचं "किर्रर्र, आ द्रुआत." मग लिफ्टचं कण्हणं काढून दाखवलं, आणि "मोंत." म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही पहारेकऱ्याला बोलावते. पण ती गेली. अर्ध्या तासानं वरच्या बोळात दिसली आणि तिनं लांबूनच मला लिफ्टचं कण्हणं काढून दाखवलं!

दुपारी ही हकिगत सांगितली तर लेक म्हणाली, "बाबा, 'त्यू' म्हणजे 'तू'. अनोळखी माणसाला 'व्हू' म्हणायचं असतं. तुम्ही."

"पैलवानानं तर 'त्यू'च शिकवलं."

"पैलवान सगळ्या जगाला अरे-तुरे करतो. आज सकाळी तुम्ही मोठ्या डॉक्टरीणबाईंना काय म्हणालात माहितेय? 'अगं, सरळ जा आणि मग डावीकडे वळ.' त्याच मला सांगत होत्या."

"मग गेल्या का डावीकडे?"

"त्यांना तिकडेच जायचं होतं!"

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा अशी पोटभर हसली. जावई पण हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. हसता हसता ती एकदम थांबली, भिंतीकडे तोंड केलं आणि एकेक श्वास मोजून घेतल्यासारखा घेतला. जावयानं तिचा हात धरला. मी उठून खिडकीची कडी बघितली. सैल आहे. उद्या पाना घेऊन येतो.


मंगळवार, १२ फेब्रुवारी

कडी बसवली. नळ गळत होता तो बंद केला. जेवणाच्या सरकत्या टेबलाचं चाक अडत होतं, त्यात केस गुंतले होते ते काढले. शेजारच्या खाटेवरच्या आजीच्या टेबलाचंही काढलं. तिनं माझ्या गालाला हात लावला.

लेक म्हणाली, "बाबा, जरा बसा ना."

"बसतो की. एवढा एक स्क्रू."

"स्क्रू कुठे पळून जातोय?"

बसलो. बसल्यावर काय करायचं ते मला कळत नाही. हिला येतं. ही तासन्‌तास कुणाच्याही पायथ्याशी बसू शकते, तोंडानं काही न बोलता. मला पाच मिनिटांत मुंग्या येतात. तिच्या मनगटाकडे नजर जाते, ते इतकं बारीक कधी झालं असा विचार येतो, आणि मग मी म्हणतो, "खाली एक चक्कर मारून येतो."

खाली मात्र माझं बरं चाललंय. मी यंत्रापाशी उभा राहिलो की दहा मिनिटांत कुणीतरी येतंच. आता मला क्ष-किरणांची खोली येते, बाळंतिणींचा मजला येतो, रक्त तपासायची खिडकी येते. 'त्यू' सुटत नाही ते नाहीच. पण कुणी रागवत नाही. वाट चुकलेल्या माणसाला मान नको असतो, वाट हवी असते. काल मी सोळा माणसांना पोचवलं. पैलवान जाता जाता ओरडतो, मी त्याला हात करतो. दुकानात बसल्यासारखं वाटतं.

वर गेलो तेव्हा ती झोपली होती. जेवण तसंच झाकलेलं.


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आज माझ्या हातून चूक झाली, आणि ती माझ्यासारख्या गाढवाच्याच हातून होऊ शकते.

काल ते किंचाळणारं दार मला सहन होईना. रोज पन्नासदा ऐकायचं म्हणजे काय. पैलवानाकडून तेलाची कुपी मिळवली आणि दोन्ही बिजागऱ्यांना दोन-दोन थेंब सोडले. लोण्यासारखं हलायला लागलं. खूश होऊन घरी गेलो.

आज सकाळी दहाला मोठ्या डॉक्टरीणबाई बोलायला बसणार होत्या. जावयानं त्यासाठी रजा टाकली होती. तो वर गेला, मी म्हटलं, तू हो पुढे, मी यंत्रापाशी दोघा नवरा-बायकोला वाट सांगून येतो. त्यांना सांगितलं, घुर्रर्र आणि किर्रर्र करून दाखवलं. मग वाटलं, बरोबरच जावं. निघालो तिघेही. बोलत बोलत चाललोय, कान दाराकडे लावून, आणि दार काही किंचाळेना. किंचाळणार कुठून? आम्ही दार ओलांडून पुढे गेलो, वळायचं ते राहिलं, पुढच्या इमारतीत शिरलो, मग त्याच्या पुढच्या. ती दोघं माझ्या मागे मुकाट चालत होती, बिचारी. चौथ्या जिन्यापाशी माझ्या डोक्यात उजेड पडला.

वर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉक्टरीणबाई निघून गेल्या होत्या. जावई खोलीबाहेर भिंतीला कपाळ टेकून उभा होता. मला पाहिल्यावर त्यानं फोन काढला. त्या फोनमध्ये फ्रेंच लिहिलं की आतली बाई मराठीत बोलते. त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी ती बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "रुग्णास उद्या आरामदायी निवासस्थानी हलविण्यात येईल."

"म्हणजे बरं आहे ना? गुड?"

त्यानं मान हलवली. मान हलवायची पद्धत सगळीकडे सारखी असते का, कोण जाणे.

वेळेवर पोचलो असतो तरी काय फरक पडणार होता म्हणा. सरळ, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. एवढं सोडून त्या बाई काहीही बोलल्या असत्या तरी मला ते आकाशवाणीच्या खरखरीसारखं.


शनिवार, १६ फेब्रुवारी

नवी जागा झकास आहे! मुख्य इमारतींच्या मागे बाग आहे आणि बागेच्या टोकाला एक बसकी, एकमजली इमारत. एकच माणूस एका खोलीत. मोठी खिडकी, खिडकीत झाड. नातेवाइकांसाठी हात टेकायची खुर्ची, तीही दोन. भेटीच्या वेळांची भानगड नाही, केव्हाही या, केव्हाही जा. मुख्य म्हणजे ती टिकटिक करणारी यंत्रं सगळी काढून टाकली. हातातल्या नळ्याही काढल्या, एक बारीक तेवढी ठेवलीय. नर्सबाई येऊन विचारते, आज काय खावंसं वाटतंय? इथे कुणी घाईनं चालतसुद्धा नाही.

पैलवानच खाट ढकलत घेऊन आला. बागेतून येताना त्यानं एकही विनोद केला नाही. पाऊलवाटेवर खडी आहे, चाकांकडे लक्ष द्यावं लागत असेल.

हिला फोन केला. सगळं सांगितलं. "यंत्रं काढली म्हणजे बघ. गरजच उरली नाही."

पलीकडे नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. तुम्ही जेवलात का?"


बुधवार, २० फेब्रुवारी

वहीच्या मागच्या पानांवर मी रस्त्यांचा तक्ता करायला घेतलाय. दोन रकाने: जाताना आणि येताना. कारण जाताना जे डावीकडे, ते येताना उजवीकडे होतं, आणि माझी गडबड तिथेच उडते. लोक दोन्ही विचारतात. आत जाणारे फुलं घेऊन येतात. बाहेर पडणारे पिशव्या, कुबड्या, गुंडाळलेली बाळं घेऊन, आणि विचारतात, मोठं दार कुठे, गाडी कुठे लागते.

बागेतल्या इमारतीचं 'जाताना' लिहून झालं. तिकडचा रस्ता हल्ली बरेच जण विचारतात. मी नेटानं सांगतो आणि शेवटी "त्रे बियां, त्रे बियां" असं जोडतो, म्हणजे फार छान जागा आहे. काल एका माणसानं ते ऐकून माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इथले लोक मायाळू आहेत.

लेक जास्त झोपते. झोप चांगली.


शनिवार, २३ फेब्रुवारी

आज ते 'येताना' लिहायला बसलो. बागेतून परतीच्या वाटेवर तीन पायऱ्या आहेत. लेकीला सोडतील तेव्हा ती चालत येणार नाही, चाकाच्या खुर्चीतून येईल. म्हणजे पायऱ्या टाळून जाणारा उतार कुठेतरी असणार. खाट आली तीही त्यावरूनच, पण तेव्हा मी लेकीकडे बघत होतो, आता तो मला सापडेना. पैलवानाला गाठलं. वही त्याच्यापुढे धरली, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं, खुर्ची ढकलल्याची खूण केली आणि विचारलं, "से पार ऊ?"

पैलवानापाशी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. नसलं तरी तो देतो. त्यानं माझी पेन्सिल घेतली. तक्ता बघितला. पेन्सिल बोटांत दोनदा फिरवली. मग माझ्याकडे बघितलं, आणि स्वतःच्या बुटांकडे. मग वही मिटली, माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. लहान मुलाचं लावावं तसं, सावकाश.

मी तिथेच बाकावर बसलो. आठवडाभरात बागेतल्या इमारतीकडे मी किती माणसं धाडली ते आठवायला लागलो. चाळीस तरी असतील. आणि तिकडून पिशवी घेऊन, कुबडी घेऊन, हसत बाहेर पडणारं, मोठं दार कुठे म्हणून विचारणारं कोण? एकही नाही. जे येत होते ते रिकाम्या हातांनी येत होते आणि कुणाला काही विचारत नव्हते.

माझ्या कानांचं मला फार कौतुक. खरं लिहायचं तर ऐकू सगळं आलं होतं. 'जमेल का' ऐकलं होतं, तेव्हाच ऐकलं होतं. मी पाना शोधत बसलो.

हिला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

पलीकडे तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. पोट उघडलं आणि तसंच शिवलं. काही काढता आलं नाही हो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही. जावयालाही तुम्ही गप्प बसवलंत. मी काय परका?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना सांगितलंस तर ते दुरुस्त करायला लागतील. ह्या डॉक्टरला भेट, त्या डॉक्टरला भेट, कागद घेऊन गावभर फिरतील. आणि मला त्यांना बघायचंय गं. नुसतं बघायचंय."

मी म्हटलं, "मी तीन आठवडे खाली उभा राहून लोकांना रस्ते सांगत होतो."

"माहितेय. ती सांगायची मला रोज. हसायची." मग हिचा आवाज फुटला. "तुमच्यासारखी मी तिथे असते ना, तर..." मी इथे आहे आणि मला बसता येत नाही. तिला येतं आणि ती तिथे आहे.


रविवार, २४ फेब्रुवारी

सकाळी यंत्रापाशी थांबलो नाही. थेट बागेतून गेलो, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बसलो. मुंग्या आल्या. येऊ दिल्या.

तासाभरानं तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. हात मांडीवर होते.

"आज पाना नाही आणलात?"

"नाही."

"खिडकीचा पडदा अडकतोय."

"अडकू दे."

तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारेल, कुणी सांगितलं. तिनं नाही विचारलं. हात पुढे केला. मी धरला. एवढं हलकं काही मी वर्कशॉपात कधी उचललं नाही, तिथे सगळंच जड असतं.

"आईला सांगा," ती म्हणाली, "तुम्ही बसलात म्हणून."


गुरुवार, २८ फेब्रुवारी

काही नाही. बसलो.

जावई पलीकडच्या खुर्चीत. आम्ही दोघं एकमेकांना पाण्याचा पेला देतो. फोन त्यानं कपाटात ठेवून दिलाय, आतल्या बाईची आता गरज नाही.

ती जागी असते तेव्हा मराठीत बोलते, दोन-तीन शब्द. झोपेत मात्र फ्रेंच. सुरुवातीला मी कान देऊन ऐकायचो, एखादा शब्द ओळखीचा निघेल म्हणून. नाही निघत. चौदा वर्षांत लेकीची झोप इकडची झाली आणि मला पत्ता नाही. जावयाला सगळं कळतं. ती काहीतरी पुटपुटते, त्याच्या तोंडावर हसू येतं, मग ते मोडतं. मी त्याला विचारत नाही काय म्हणाली. ते त्यांचं आहे.


शनिवार, २ मार्च

काल संध्याकाळपासून मराठी बंद झालं. आता जागेपणीही फ्रेंचच. माझ्याकडे बघून बोलते, मी मान हलवतो. माझी मान काय सांगते देव जाणे.

आज दुपारी ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. ती बेचैन झाली. पांघरूण ढकलायला लागली, उठायचा प्रयत्न करायला लागली. नर्सबाई येऊन औषध देऊन गेली. तरी डोळे छताकडे लावून ती एकच विचारत होती, पुन्हा पुन्हा, आवाज चढवून.

"से पार ऊ?"

कुठून जायचं.

जावयानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग तो तिच्या पांघरुणात तोंड खुपसून बसला. ती पुन्हा म्हणाली, "से पार ऊ?" एखाद्या गर्दीच्या दारात उभी राहून परक्या माणसाला विचारावं तसं.

मी म्हटलं, "ऊ? ला मेझों?" कुठे? घरी?

"वी," ती म्हणाली. हो.

"तू द्रुआ," मी म्हटलं. सरळ.

तिची मान माझ्याकडे वळली. "ए आप्रे?" आणि पुढे?

बागेतून जा. खडीवरून सावकाश जा. तीन पायऱ्या लागतील, मोंत. मग आ द्रुआत. लांबलचक बोळ आहे, तू द्रुआ, तू द्रुआ. ती प्रत्येक वळणाला विचारत होती, "ए आप्रे?" आणि मी सांगत होतो. दार आलं, मोठं दार ओलांडलं, आणि इस्पितळ संपलं. तिच्या गावातले रस्ते मला येत नाहीत. मी एक बघितलाय, तोही जावयाच्या गाडीच्या काचेतून.

"ए आप्रे?"

मग मी तिला आमच्या गल्लीत घेतलं. वर्कशॉपाच्या पुढून तू द्रुआ. दळणाच्या गिरणीपाशी आ गोश. शाळेची भिंत उजव्या हाताला धरून चाल. भिंत संपली की फाटक. फाटक ढकल, लागतं ते, जोर लाव. तीन पायऱ्या नाहीत, चार. मोंत. दार उघडंच असेल, आई आत आहे.

तिचे हात पांघरुणावर पडले. श्वास लांबला. जावयानं डोकं वर केलं होतं आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला गल्ली कळली नसेल, डावं-उजवं कळत होतं.

"ए आप्रे?" ती म्हणाली, अगदी हळू.

दाराच्या पुढचं मला काही माहीत नाही. ती थांबली. मग तिनं दुसरंच विचारलं, "त्यू व्हिएं?" येतोस का.

मी मराठीत म्हणालो, "तू चल पुढे, बाळ. मी आलोच." आणि तिचा हात धरून तिथेच बसून राहिलो.